वाढत्या अंगाची सीट

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत नवीन आईबाबांसाठी सामानाची यादी आली होती, ती मी रात्री दीड वाजता मोबाईलवर वाचली कारण आमच्याकडे सध्या वाचायला वेळ मिळतो तो तेव्हाच. यादी चांगली होती, दुपट्यांपासून थर्मामीटरपर्यंत सगळं होतं, पण कार सीटसमोर, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची ती सीट, तिच्यासमोर एकच ओळ होती: एक वर्षापर्यंत मागे तोंड, एक वर्षानंतर पुढे तोंड. संपलं. आता ज्यांचं बाळ वर्षाचं व्हायच्या आत दोन वर्षाच्या मुलाचे कपडे घालायला लागतं त्यांनी या ओळीचं काय करायचं ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर ही ओळ मुळातच चुकीच्या दिशेला नेते, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापायचं असेल तर कृपया आकडे कापू नका.

मला दोन मुलं. मोठी मुलगी म्हणजे काडी, वर्षाची झाली तेव्हा जेमतेम आठ किलो, तिला ती टोपलीसारखी हँडलवाली पहिली सीट सव्वा वर्ष आरामात पुरली. धाकटा एकदम दुसरं टोक. पाचव्या महिन्यात ९ किलो पार, सातव्या महिन्यात सव्वादहा किलो आणि उंची ७४ सेंटीमीटर. ताईची सीट माळ्यावर होतीच, ती सीट कुठल्या अपघातात वगैरे सापडलेली नव्हती, मुदतही बाकी होती (हो, सीटला मुदत असते, साधारण सहा ते दहा वर्षं, खाली स्टिकरवर किंवा प्लास्टिकवरच छापलेली असते), म्हणून त्याला त्यातच बसवत होतो. सातव्या महिन्यात एक दिवस बघते तर त्याच्या डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेला जवळजवळ लागलेला. सीटवर मर्यादा लिहिली होती १३ किलो, म्हणजे वजनाच्या हिशेबाने पावणेतीन किलो अजून शिल्लक होते, पण त्याच्यापुरती सीट संपली होती. मला तोपर्यंत माहितीच नव्हतं की वजन शिल्लक असतानाही सीट लहान होऊ शकते. वजन, उंची, खांदे, यातली जी मर्यादा आधी गाठली जाईल तिथे सीट संपते, आणि भराभर वाढणाऱ्या बाळांचं बहुतेक वेळा डोकं नाहीतर खांदे आधी पोचतात.

मग सुरू झाले सल्ले. सगळ्यांचा सल्ला एकच. "अगं एवढा मोठा दिसतोय, आता कशाला उलटा बसवतेस, फिरव की पुढे, बाहेर बघेल तरी." दीर म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, आणि सीट विकणारा माणूस तर कागद दाखवूनच म्हणाला की मॅडम, ९ किलोपासून पुढे तोंड चालतं, हे बघा लिहिलंय. आणि खरंच लिहिलेलं होतं! इथेच सगळी गोम आहे म्हणून नीट सांगते.

कार सीटचा संयुक्त राष्ट्रांचा जो जुना नियम होता, आर ४४, त्यात सीटचे गट वजनावर पाडलेले होते. गट शून्य प्लस म्हणजे १३ किलोपर्यंत, गट एक म्हणजे ९ ते १८ किलो. आणि गट एकच्या सीट बहुतेक पुढे तोंडवाल्या. म्हणजे बाळ ९ किलोचं झालं की कागदोपत्री त्याला पुढे तोंड करून बसवायला मोकळीक. आता ९ किलो माझ्या मुलीला वर्षानंतरही झाले नव्हते आणि मुलाला पाचव्या महिन्यात झाले. पाचव्या महिन्यात! धड बसताही येत नव्हतं त्याला. त्यामुळेच २०१३ साली जो नवा नियम आला, आर १२९, ज्याला आय-साईझ म्हणतात, त्यात आधी वजनाऐवजी उंची धरली आणि वर हेही घातलं की १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड नाही म्हणजे नाही, बाळ कितीही मोठं असो. (बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही त्यातच आली, जुन्यात ती नव्हतीच.) म्हणजे नियम करणाऱ्यांनाच उमगलं की वजनाचा काटा मानेबद्दल काही सांगत नाही.

मानेचं म्हणते कारण सगळा प्रश्न मानेचाच आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या पाव भाग असतं, आपलं असतं सातवा-आठवा भाग. एवढं जड डोकं, आणि खाली मान कशी तर मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नाहीत, मध्ये कूर्चा आहे, स्नायू कोवळे, आणि ते पक्कं व्हायला काही वर्षं जातात. समोरून धडक बसली आणि बाळाचं तोंड पुढे असेल तर पट्टे खांदे धरून ठेवतात पण डोकं पुढे फेकलं जातं, सगळा हिसका मानेवर. तोंड मागे असेल तर तोच जोर सीटच्या पाठीवर पसरतो, डोकं मान पाठ एकदम एका रेषेत सीटमध्ये रुततात. बस एवढंच, यात काही रॉकेट सायन्स नाही, गंमत म्हणजे थोडंसं आहे, कारण स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकांना ही उलट्या सीटची कल्पना जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपलेले असतात ते बघून सुचली होती, आणि १९६४ मध्ये त्यांनी पहिला नमुना व्होल्वो गाडीत बसवून तपासला. तिकडे आजही मुलं चार वर्षांपर्यंत उलटी बसतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता माझा मुलगा सात महिन्यांचा असताना वर्षाच्या मुलाएवढा दिसत होता. पण त्याची मान सात महिन्यांचीच होती ना? मणके घट्ट व्हायला महिने लागतात, किलो नाही. उलट डोकं मोठं, वजन जास्त म्हणजे हिसका जास्त. म्हणजे ज्या बाळाला सगळ्यात आधी पुढे फिरवायचा मोह होतो त्यालाच तो धोका जास्त. मला हे कुणीतरी आधी असं सरळ सांगायला हवं होतं की सीटचं माप बाळाच्या अंगावरून ठरवा आणि तोंड कुठे ते मानेवरून. अंग मोठं झालं तर सीट मोठी घ्यायची, दिशा बदलायची नाही.

बरं मग मोठी उलटी सीट घ्यायला गेलो तिथे मी स्वतःच गंडले. जन्मापासून ३६ किलोपर्यंत असं मोठ्या अक्षरात लिहिलेली एक सीट आवडली, म्हटलं चला एकदाच काय ते. ३६ किलो म्हणजे दहा-बारा वर्षांची निश्चिंती. घरी आणली, नवऱ्याला सूचनांची पुस्तिका शेवटपर्यंत वाचायची सवय आहे (एरवी मला याचा वैताग येतो), त्याने पान उलटलं आणि म्हणाला अगं ही उलटी फक्त १३ किलोपर्यंतच चालते. ३६ चा आकडा खरा होता, पण तो शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे मूल मोठं होऊन गाडीच्या पट्ट्याने बूस्टरसारखं (म्हणजे नुसतं उंच करणाऱ्या बैठकीवर) बसतं तेव्हाचा. आमच्या पठ्ठ्याने १३ किलो दीड वर्षाच्या आत गाठले असते आणि मग पुढे फिरवण्याशिवाय पर्याय नसता. सीट परत केली, विकणाऱ्याने तोंड वाकडं केलं, करू दे. तर ज्यांचं बाळ भराभर वाढतंय त्यांनी खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघूच नये. विचारायचं फक्त एवढंच की उलटं कुठपर्यंत बसवता येतं, किती सेंटीमीटर आणि किती किलो. हँडलवाल्या पहिल्या सीटचं उत्तर साधारण ८५ सेंटीमीटर आणि १३ किलोच्या आसपास येतं, मोठ्या सीटमध्ये १०५ सेंटीमीटर आणि १८ किलोपर्यंतच्या मिळतात, आणि स्वीडिश पद्धतीच्या काही तर २५ किलोपर्यंत.

त्यातही उंची हा आकडा फसवा आहे हे मला दोन मुलांमुळे कळलं. मुलगी सगळी पायात, मुलगा सगळा धडात. दोन मुलं ७४ सेंटीमीटरची असली तरी एकाचे खांदे दुसऱ्यापेक्षा चांगले दोन-तीन बोटं वर असू शकतात, आणि उलट्या सीटमध्ये पट्टे नेहमी खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यायला हवेत. (पुढे तोंड असेल तेव्हा बरोबर उलट, पातळीवर किंवा किंचित वरून. हे दोन्ही लोक हमखास गोंधळतात.) पट्टे सीटच्या पाठीतल्या ज्या खाचांतून बाहेर येतात त्यातल्या सगळ्यात वरच्या खाचेच्याही वर खांदे गेले की ती सीट उलटी वापरायला संपली. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. बाळाला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवा, बसत नसेल तर आडवं ठेवून मांड्या वर दुमडा, आणि बुडापासून खांद्यापर्यंत टेपने मोजा. मग सीटमध्ये बसायच्या जागेपासून पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत मोजा, डोक्याचा भाग पूर्ण वर ओढून. दोन्हीत जितकं अंतर, तितकी तुमच्या बाळाला वाढायला जागा. टेप घेऊन दुकानात मोजणारी बाई बघून लोक हसतात, एकदा हसतात आणि मग स्वतः टेप मागतात, माझ्या बाबतीत झालंय. डोक्याचंही बघायचं, पुष्कळ सीटच्या पुस्तिकेत असतं की डोक्यावर सीटचं कवच निदान अडीच सेंटीमीटर उरलं पाहिजे. काहींचे नियम वेगळे असतात, तर आपल्या सीटचं जे लिहिलंय ते धरायचं.

पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, जन्माच्या वेळी ५० असेल तर वर्षाला ७५, आणि वजन पाचेक महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट. हे सरासरीचं झालं. म्हणजे तुम्ही जन्माच्या आधी कितीही विचार करून सीट घेतली असली तरी दर महिन्याला पट्टे बघावेच लागतात. आम्ही लसीला गेलो आणि वजन-उंची घेतली की घरी आल्यावर त्याच दिवशी खाचा बघतो, वेगळं लक्षात ठेवायची गरज पडत नाही. मध्येच कधी कधी दोन आठवड्यांत असा सुटतो की बकल लावताना कळतं, पट्टा कालपेक्षा खाली ओढला जातोय.

आता याच्या उलट चूक. वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची सीट, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच एकदम मोठी. फ्रॉकला चालतं, बाह्या दुमडता येतात. सीटला चालत नाही. नवजात बाळाच्या खांद्यापेक्षा सगळ्यात खालची खाचच वर असेल तर धडकेत बाळ पट्ट्यांतून वर सरकू शकतं. शिवाय इतक्या लहान बाळाला सीट साधारण ४५ अंशात मागे कललेली लागते, नाहीतर मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येतो. म्हणून जन्मापासून चालणारी मोठी सीट घ्यायचीच असेल तर सर्वात खालची खाच आणि आत बसवायची ती छोटी गादी बघून घ्या, तीही सीटबरोबर आलेलीच, बाहेरची मऊ मऊ उशी नको. आणि बाळ वाढलं की ती गादी काढायची असते! किती किलोला काढायची ते लिहिलेलं असतं. माझ्या मैत्रिणीचं बाळ सीटमध्ये मावत नाही म्हणून ती नवीन सीट बघत होती आणि ती गादी अजून आतच होती. काढली, सीट पुरली.

पाय. पायांबद्दल मला रोज विचारतात. उलटा बसला की पाय मागच्या सीटला टेकतात, दुमडतात, बिचारा अवघडत असेल. अहो तो अंगठा तोंडात घालून बसतो, त्याला कसलं अवघडायचंय. मुलं पाय फाकवून, दुमडून, मांडी घालून बसतात, आणि पाय टेकले हे पुढे फिरवायचं कारण होऊ शकत नाही. उलट्या बसलेल्या मुलांच्या पायांना अपघातात इजा होणं तसं दुर्मिळ, आणि झालीच तरी पाय जुळतो. मान जुळत नाही. मला हे वाक्य एकदा सासूबाईंना बोलावं लागलं, नंतर मलाच कसंतरी झालं, पण त्यानंतर त्यांनीच दिरांना समजावलं.

गाडीत बसते का हे घ्यायच्या आधी बघाच, नुसतं मापावर जाऊ नका. उलटी मोठी सीट लांबीला जागा खाते, पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. यावर एक उतारा आहे, बाळाची मान धरायला लागली की बऱ्याच सीट थोड्या जास्त उभ्या करता येतात, पुस्तिकेत परवानगी असेल तर, आणि बऱ्यापैकी जागा सुटते. आयसोफिक्स असेल तर उत्तम, म्हणजे सीटच्या पाठीच्या सांदीत जे दोन लोखंडी आकडे असतात त्यात कडक आवाज करून बसतं ते, चुकायची शक्यता कमी. पण भारी बाळांच्या आईबाबांनी त्यातलं एक गणित करून ठेवावं: आर १२९ मध्ये आयसोफिक्सवरच्या सीटचं वजन आणि मुलाचं वजन मिळून ३३ किलोच्या वर जाता येत नाही. आमची सीटच १५ किलोची, म्हणजे मुलाला उरले १८. ज्या सीट गाडीच्या पट्ट्याने बांधता येतात त्यांना हे बंधन नसतं, म्हणून पट्ट्याने बांधायची सीट म्हणजे जुनाट किंवा कमी सुरक्षित असं काही नाही, फक्त नीट बांधायला हवी. काही सीटना खाली टेकायचा पाय असतो, तो जमिनीवर घट्ट टेकला पाहिजे, आणि तुमच्या गाडीत पायाखाली सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर तो टेकवायचा नाही, गाडीच्या पुस्तिकेत बघा. बांधून झाल्यावर जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवून बघायचं, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत बांधा. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीही नाही, एअरबॅग नेमकी बाळाच्या डोक्यामागे येऊन आदळते. शक्यतो मागेच बसवा, विषय संपला.

मांडीवर घट्ट धरून बसते असं म्हणणाऱ्यांसाठी नवऱ्याने एकदा कागदावर गणित मांडलं होतं ते देते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर १० किलोचं बाळ हाताला सुमारे १४० किलोचं लागतं. १४० किलो. धरून दाखवा. आणि ताशी ५० म्हणजे फार वेग नाही, जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे बाळांसाठीच्या सीटमुळे तान्ह्यांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, अर्थात सीट बरोबर वापरली तर.

बरोबर वापरण्यात सगळ्यात जास्त चूक पट्टे सैल ठेवण्याची. दया येते ना आपल्याला, घट्ट आवळायची. खांद्यावर पट्टा चिमटीत धरायला बघा, चुणी धरता आली तर सैल आहे. जाड जॅकेट घालून पट्टे लावायचे नाहीत, जॅकेट धडकेत चपटं होतं आणि पट्टा आपोआप सैल पडतो, आधी पट्टे लावा मग वरून पांघरूण घाला. गुबगुबीत बाळांचं अजून एक, मांड्यांच्या वळ्यांमध्ये पट्टा पीळ खाऊन बसतो आणि दिसतही नाही, तर बोट फिरवून बघायचं. लांब प्रवासात दोन तासांनी तरी बाहेर काढायचं, अगदी लहान असेल तर त्याहून लवकर, आणि गाडीत झोपला म्हणून सीटसकट घरात आणून तसाच झोपवायचा नाही. हे मी मुलीच्या वेळी करायचे. कुणी सांगितलंच नव्हतं.

वापरलेली सीट घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. घरातली, जिचा सगळा इतिहास तुम्हाला माहिती आहे, तर घ्या. बाकी कुणाची नको, एकदा अपघात पाहिलेली सीट वरून धडधाकट दिसते आणि आतून तडकलेली असू शकते.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या पुरवणीतली ती ओळ वयावर आहे, तिच्यात एक वर्ष हा आकडा आहे, आणि ती वाचून कुणीतरी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सीट फिरवणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अटच काढून टाकली आणि सांगितलं की सीटची उलटी बसवायची मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवा. माझी विनंती आहे की ती ओळ दुरुस्त करून पुन्हा छापावी, वयाच्या जागी उलटं बसवायची कमाल उंची आणि वजन असे दोन रकाने घालावेत, आणि खाली खाचा मोजायची रीत द्यावी. चित्र हवं असेल तर मी भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या पठ्ठ्याचं पाठमोरं काढून पाठवते, समोरून तो टेप सोडत नाही.

तो आता १४ महिन्यांचा आहे, ८२ सेंटीमीटर, साडेबारा किलो. उलटाच बसतो. खाचा अजून दोन शिल्लक आहेत.

आपली,
रात्री दीडची एक वाचक